विश्लेषण : महाबळेश्वरचा तोच खडक केजमध्येही, मग युसूफ वडगावला जिओपार्क का नको?

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरच्या बेसॉल्ट खडकाला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. त्याच लाव्हापासून तयार झालेला खडक बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या शिवारातही आहे. फरक इतकाच की महाबळेश्वरचा खडक पाहायला पर्यटक पैसे मोजतात आणि केजचा शेतकरी त्याच खडकात बोअर मारायला पैसे मोजतो. अनेकदा हाती लागतो तो फुफाटाच. हा खडक गावाला, शाळेला आणि पाहुण्यांना वाचायला शिकवणारा ग्रामीण जिओपार्क इथे होऊ शकतो का? त्यासाठी काय करावे लागेल, काय टाळावे लागेल, याविषयी...

जिओपार्क म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘भूउद्यान’ हा शब्द वापरला की डोळ्यांसमोर बाग, कुंपण आणि तिकीट खिडकी येते. जिओपार्क यापैकी काहीच नाही. तो एक सलग भूप्रदेश असतो. त्यात गावे, शेती, रस्ते, बाजार, देवस्थाने सगळे असते. या प्रदेशातील खडक, दऱ्या, नद्या, जीवाश्म यांची किंमत ओळखून त्यांचे जतन करायचे, त्यावर शिक्षण उभे करायचे आणि त्यातून स्थानिकांना उत्पन्न मिळवून द्यायचे, अशी ही तिहेरी कल्पना आहे. तिघांपैकी एक पाय निखळला तरी ती कोलमडते.

युरोपात २००० मध्ये फ्रान्स, ग्रीस, जर्मनी आणि स्पेनमधील चार प्रदेशांनी एकत्र येऊन याची सुरुवात केली. २००४ मध्ये चीनमधील जिओपार्क सोबत आले आणि जागतिक जाळे तयार झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने ‘युनेस्को ग्लोबल जिओपार्क’ हा दर्जा अधिकृत केला. एप्रिल २०२५ पर्यंत ५० देशांत असे २२९ जिओपार्क होते. भारतातील एकही त्यात नव्हता.

जागतिक वारसा स्थळ आणि जिओपार्क यांत फरक काय?

जागतिक वारशासाठी ते स्थळ साऱ्या मानवजातीच्या दृष्टीने असाधारण असावे लागते. भर जतनावर असतो. जिओपार्कसाठीही आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा भूवारसा लागतोच. पण तेवढ्यावर भागत नाही. तिथल्या लोकांचा सहभाग किती, शाळांसाठी काय चालते, प्रदेशाचे व्यवस्थापन कोण करते, हे तपासले जाते.

काही अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष तो प्रदेश प्रत्यक्षात जिओपार्क म्हणून चालवलेला असावा लागतो. कायद्याने मान्यता असलेली एक व्यवस्थापन संस्था असावी लागते. त्या संस्थेला जीवाश्म, स्फटिक यांसारख्या भूवस्तूंच्या विक्रीत थेट भाग घेता येत नाही. दर चार वर्षांनी फेरतपासणी होते. काम ठीक असेल तर ‘हिरवे कार्ड’, कमी पडले तर ‘पिवळे कार्ड’ आणि दोन वर्षांची मुदत. तरीही सुधारणा नसेल तर ‘लाल कार्ड’, म्हणजे दर्जा जातो.

थोडक्यात, हा दर्जा एकदा मिळाला की कायमचा, असे नाही. फीत कापून विसरून जाण्याची सोय यात नाही.

भारत मागे का राहिला?

भूवैज्ञानिक वारशाला कायद्याचे स्वतंत्र कवच नसणे, हे त्याचे मोठे कारण. जुन्या वास्तूंसाठी पुरातत्त्व कायदा आहे, जंगलासाठी वन कायदा आहे, जैवविविधतेसाठी २००२ चा कायदा आहे. खडकासाठी तसे काही नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजेच जीएसआय काही स्थळांना ‘राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक’ म्हणून घोषित करते. पण जागेची प्रत्यक्ष देखभाल राज्यांच्या यंत्रणांकडे असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. त्यावर चर्चा झाली, आक्षेप आले. कायदा मात्र झाला नाही.

दुसरे कारण कल्पनेतल्या गोंधळाचे. मध्य प्रदेशात जबलपूरजवळ लम्हेटा येथे भूवैज्ञानिक उद्यानाला २०२२ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. बातमी होती सुमारे पाच एकर जागेची आणि सुमारे ३५ कोटी रुपयांची. डायनासोरच्या जीवाश्मांसाठी लम्हेटाचे नाव जगात घेतले जाते, तेव्हा तिथे केंद्र होणे योग्यच. पण पाच एकरांची इमारत म्हणजे संग्रहालय. जिओपार्कची मोजणी एकरात होत नाही, तालुक्यांत होते.

युसूफ वडगावच्या जमिनीखाली काय आहे?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला, त्यावर दुसरा पसरला, मग तिसरा. अशा थरांचा हा ढीग म्हणजे दख्खनचे ट्रॅप. आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. बालाघाटचा डोंगर लांबून पाहिला की तो का आला, हे सांगावे लागत नाही. कड्याची एक उभी पायरी, मग सपाटी, मग पुन्हा पायरी.

पश्चिमेकडे हा ढीग जाड आहे, पूर्वेकडे पातळ होत जातो. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल छिद्रात लाव्हाचे थर संपून खालचा मूळ ग्रॅनाइटी खडक लागायला सुमारे सव्वा किलोमीटर खाली जावे लागले. मराठवाड्यात चित्र वेगळे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्याचा धक्का बीड जिल्ह्यालाही बसला होता. त्यानंतर कारणांचा शोध घेण्यासाठी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले. तिथे ३३८ मीटरवरच लाव्हाचे थर संपले. त्याखाली आठ मीटर गाळाचा खडक आणि मग अब्जावधी वर्षांपूर्वीचा पाया.

म्हणजे महाबळेश्वरचा कडा आणि केजची विहीर ही एकाच घटनेची दोन टोके आहेत. एकीकडे तिची उंची दिसते, दुसरीकडे तिचा पसरट शेवट जवळ येतो. किल्लारीचे छिद्र तर त्याच्याही खाली डोकावलेले आहे. हा सलग धडा शिकवायला मराठवाड्याइतकी चांगली जागा शोधून मिळणार नाही.

मग इथे पाहायचे काय? खडक तर सगळीकडेच आहे!

हा आक्षेप रास्त आहे. एकट्या युसूफ वडगावकडे लोणारसारखे विवर नाही, वेरूळसारखे लेणे नाही. आंतरराष्ट्रीय दर्जाचा दावा एका गावाच्या जोरावर करणे म्हणजे स्वतःची फसवणूक. पण जिओपार्क एका गावाचा नसतोच. पाटोदा तालुक्यात मांजरा नदी जिथे उगम पावते तिथपासून केज, अंबाजोगाई आणि पुढे लातूर जिल्ह्यापर्यंतचा बालाघाट-मांजरा पट्टा एकत्र घेतला तर चित्र पालटते.

या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास काय आहे?

• सौताडा (पाटोदा) : विंचरणा नदी लाव्हाच्या कठीण थरावरून खाली दरीत झेपावते. कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो आणि धबधबा मागे सरकत जातो, हे इथे उभ्या उभ्या समजते.

• कपिलधार : मांजरसुंब्याजवळचे मन्मथ स्वामींचे स्थान. कार्तिकात इथे मोठी यात्रा भरते. भाविक धबधबा पाहतातच; त्यामागचा खडक समजावून सांगणारा एक फलकही पुरेसा आहे.

• अंबाजोगाईचा हत्तीखाना : एकसंध बेसॉल्टमध्ये कोरलेली लेणी. कोणता थर कोरण्याजोगा आणि कोणता ठिसूळ, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. भूविज्ञानाची पदवी नसलेल्या भूवैज्ञानिकांचेच हे काम.

• बीडची खजाना विहीर : निजामशाहीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सलाबत खानाच्या काळात बांधलेली. विहिरीचे पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने दूरच्या शेतीपर्यंत नेले गेले. जमिनीचा उतार आणि भूजल यांची जाण नसेल तर हे काम होत नाही.

• मांजरा खोऱ्यातील जीवाश्म : नदीकाठच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा, रानबैल यांचे जीवाश्म सापडले आहेत. लातूर जिल्ह्यातील हरवाडी हे त्यातले परिचित ठिकाण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या खोऱ्यात काम केले आहे. आज टँकरची वाट पाहणाऱ्या खोऱ्यात कधीकाळी पाणघोडे डुंबत होते, ही एक ओळ कुठल्याही विद्यार्थ्याला थांबवायला पुरेशी आहे.

• किल्लारी : भूकंपाची आठवण आणि त्यानंतरच्या पुनर्वसनाची गावे. जपानसारख्या देशात जिओपार्कमध्ये आपत्तीचे शिक्षण महत्त्वाचे मानले जाते. इथे तो विषय पुस्तकातून आणावा लागणार नाही.

या साखळीत युसूफ वडगावचे काम कोणते? देखाव्याचे नाही, वाचनालयाचे. बाकी ठिकाणी खडक पाहायचा; इथे तो वाचायला शिकायचा.

विहीर हे पाठ्यपुस्तक कसे होऊ शकते?

राज्य मंडळाच्या सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार शिकवले जातात. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. मुले व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याच शाळेपासून हाकेच्या अंतरावर एखादी यारी लावलेली विहीर खोदली जात असते आणि तिच्या भिंतीत सगळा धडा उघडा पडलेला असतो.

वर काळी माती. त्याखाली पिवळसर मुरूम, म्हणजे झिजलेला बेसॉल्ट. मग ज्याला शेतकरी ‘मांजऱ्या’ म्हणतात तो मऊसर, पांढरे ठिपके असलेला खडक. ते ठिपके म्हणजे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर भरलेली झिओलाइटसारखी खनिजे. त्याखाली काळा पाषाण, म्हणजे लाव्हाच्या थराचा घट्ट गाभा. आणि कधी कधी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा पृष्ठभाग झिजून हा तांबडा थर तयार झाला, असे मानले जाते. मुलांना सांगायचे तर, तो लाव्हाच्या दोन पानांमधली खूण आहे.

हे फक्त कुतूहलाचे ज्ञान नाही. पाणी कुठे लागेल, हे याच थरांवर ठरते. घट्ट पाषाणात पाणी साठायला जागा नसते. ते फक्त भेगांत असते आणि खोल जावे तशा उघड्या भेगा कमी होत जातात. मुरूम आणि भेगाळलेल्या मांजऱ्यात पाणी धरले जाते. तांबडा थर चिकणमातीसारखा असल्याने पाणी सहसा त्यातून खाली जात नाही, त्याच्या माथ्यावरून आडवे सरकते. बोअरमध्ये हाच थर फुगून ढासळतो, म्हणून तिथे केसिंग लागते.

एवढे समजले की पाणाड्या नारळ घेऊन जागा दाखवतो तेव्हा प्रश्न विचारता येतो. शेजाऱ्याला दोन इंची पाणी लागले म्हणून त्याच रेषेत आठशे फूट जायचे का, हे ठरवता येते. बोअर फेल गेली की तिचा खर्च कर्जाच्या वहीत जातो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही घराला समजावून सांगण्याची गरज नाही. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आहेत. ती कागदावर राहतात, कारण बंधनामागचे कारण कोणी बांधावर येऊन सांगितलेले नसते. हे शिक्षण जिओपार्कने दिले, तर पर्यटक एकही आला नाही तरी प्रकल्प फुकट जाणार नाही.

लोणार आणि निघोज काय शिकवतात?

लोणारचे विवर बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जगात दुर्मीळ. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक, अभयारण्य, काठावर पुरातत्त्व खात्याची मंदिरे आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर स्थळ. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली. दर्जांची कमतरता लोणारला कधीच नव्हती. पण वन, महसूल, पुरातत्त्व, नगरपरिषद अशा अनेक यंत्रणांत जबाबदारी वाटली गेली आणि सांडपाण्यापासून अतिक्रमणापर्यंतचे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावे लागले. धडा सरळ आहे : चार पाट्या लावण्यापेक्षा एक उत्तरदायी संस्था महत्त्वाची.

निघोजचे उदाहरण वेगळे. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात बेसॉल्टमध्ये रांजणखळगे आहेत. वाहत्या पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे शतकानुशतके फिरत राहिले आणि खडकात रांजण कोरले गेले. नदीच्या एका काठावर अहिल्यानगर जिल्हा, दुसऱ्या काठावर पुणे जिल्हा. मळगंगा देवीमुळे इथे भाविकांचा राबता आधीपासूनच आहे. भूविज्ञानासाठी वेगळी गर्दी जमवावी लागत नाही. आलेल्या माणसाला चार वाक्ये सांगणारा प्रशिक्षित तरुण हवा. शिवाय निसरड्या खडकावर आणि खोल डोहाजवळ सेल्फी काढणाऱ्यांना अडवणाराही हवा. बीडमध्ये कपिलधार, सौताडा, अंबाजोगाई इथे नेमकी हीच स्थिती आहे.

गावाच्या हाती काय लागेल?

इथे हात राखून बोलणे योग्य. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पर्यटनाचा हंगामही पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचाच. म्हणजे पाहुणे येण्याच्या दिवसांत गावाचा कामकरी भाग फडात असणार. बाहेरच्या एजन्सीने गाडी, गाइड, जेवण सगळे आणले, तर गावाच्या वाट्याला फक्त धूळ येईल.

जिओपार्क ऊसतोडीला पर्याय ठरेल, असे म्हणणे खोटे ठरेल. पण काही कुटुंबांना हिवाळ्यात गावात थांबण्याचे कारण तो देऊ शकतो. शाळांच्या सहली, महाविद्यालयांच्या भूगोल आणि भूविज्ञान विभागांचे क्षेत्र अभ्यास, स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची दगडाची ओळख, हा बाजार मोठा नसला तरी नियमित असतो. बचत गटांचे जेवण, मुक्कामाच्या खोल्या, प्रशिक्षित वाटाडे आणि विहीर दाखवू देणाऱ्या शेतकऱ्याला ठरलेले मानधन, हे उत्पन्नाचे मार्ग. २०२० चे राज्याचे कृषी पर्यटन धोरण शेतावरच्या मुक्कामाला आधार देते. ग्रीसच्या लेस्वोस बेटावर अश्मीभूत जंगलाच्या जिओपार्कभोवती महिलांच्या सहकारी संस्थांचे पदार्थ विकले जातात. दगड विकला जात नाही, दगडाभोवतीचे जगणे विकले जाते.

पोहोचणेही आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरू झाली. पुढचा प्रवास अर्थात एसटीचा.

पाण्याचे काय?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. केज तालुक्यातच धनेगावला मांजरा धरण आहे. लातूर शहराची तहान त्यावर अवलंबून. २०१६ मध्ये ते कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. देशभर त्या गाडीचे फोटो गेले. धरण ज्या तालुक्यात आहे त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही.

अशा भागात पाहुण्यांसाठी शॉवर आणि हिरवळ उभी करणे हा गावाचा अपमान ठरेल. म्हणून इथल्या जिओपार्कने आपला पाण्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मांडावा. किती पाहुणे आले, किती पाणी लागले, ते कुठून आले. भूजल पातळी घसरली तर मुक्काम बंद, फक्त दिवसाच्या भेटी. पाहुण्यालाही तो हिशेब दाखवावा. कोरडे धरण पाहून परतलेला शहरी विद्यार्थी नळ उघडताना वेगळा विचार करील. हेही भूविज्ञानाचेच शिक्षण आहे.

धोका कशाचा?

पहिला धोका खडी क्रशरचा. रस्त्यांना खडी लागते, ती याच बेसॉल्टमधून येते, त्याला पर्याय नाही. पण ज्या ठिकाणी लाव्हाचे थर, तांबडा पट्टा किंवा जुन्या नदीचा गाळ उत्तम दिसतो, ती मोजकी ठिकाणे गौण खनिजाच्या परवानगीतून वगळता येतात. त्यासाठी आधी ती नकाशावर असायला हवीत. उलट, बंद पडलेली खाण किंवा रस्त्यासाठी कापलेला डोंगर ही उत्तम अभ्यासस्थळे ठरतात. कुंपण आणि पायऱ्या केल्या की काम झाले.

दुसरा धोका गोळा करणाऱ्यांचा. महाराष्ट्राच्या झिओलाइट स्फटिकांना जगभर मागणी आहे आणि जीवाश्मांनाही. ‘काही सापडले तर उकरू नका, फोटो काढा, जागा सांगा’ हा नियम शाळेतल्या मुलांपासून वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत पोहोचायला हवा. जागेवरून उचललेला जीवाश्म शास्त्राच्या दृष्टीने निम्मा मेलेला असतो, कारण तो कोणत्या थरातला हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा धोका आपल्या सवयीचा. आधी स्वागत कमान, मग फायबरचा डायनासोर, मग उद्घाटन आणि दोन वर्षांनी कुलूप. केज तालुक्यातल्या बेसॉल्टमध्ये डायनासोर नाही. जे नाही ते उभे करण्यात पैसा घालवला तर जे आहे ते दिसेनासे होते.

सुरुवात कुठून करावी?

युनेस्कोपासून नको. सुरुवात कमी खर्चाची असू शकते.

१. नकाशा : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे गावोगावच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. जीएसआयकडे भूवैज्ञानिक नकाशे आहेत. त्यांची सांगड घालून गावच्या शाळेच्या भिंतीवर मराठीत एक मोठा थरांचा नकाशा रंगवावा.

२. पाच विहिरी : मालकांच्या लेखी संमतीने पाच विहिरी ‘अभ्यास विहिरी’ ठरवाव्यात. कठडा, सुरक्षित जिना, थरांची नावे लिहिलेली पट्टी. नावे इंग्रजी नकोत. मुरूम, मांजऱ्या, पाषाण हीच हवीत, शास्त्रीय नाव कंसात.

३. बोअरची वही : शिवारात नवीन बोअर किंवा विहीर झाली की किती फुटांवर काय लागले, पाणी किती, हे ग्रामपंचायतीच्या वहीत नोंदवावे. नोंद शाळेच्या मुलांनी करावी. पाच वर्षांत गावाकडे असा दस्तऐवज तयार होईल जो कोणत्याही खात्याकडे नाही.

४. वाटाडे : गावातील दहा-बारा तरुण-तरुणींना महाविद्यालयांच्या भूविज्ञान विभागांकडून प्रशिक्षण. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतील मुलांना प्राधान्य. विहीर खोदण्यात आयुष्य गेलेल्या कारागिरांनाही शिक्षक म्हणून मानधन.

५. एक संस्था : साखळीतील ग्रामपंचायती, शाळा, देवस्थाने आणि महाविद्यालय यांची एकच नोंदणीकृत संस्था. हिशेब खुला.

६. एक दिवस : ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन. ऊसतोडीला गाड्या निघण्याआधीचा हा काळ. त्या दिवशी गावाने आपला खडक आणि आपला पाण्याचा हिशेब पाहुण्यांना दाखवावा.

एवढे एक वर्ष प्रामाणिकपणे चालले, तर युनेस्कोची ‘आधी जिओपार्क म्हणून काम करून दाखवा’ ही अट आपोआप पूर्ण होण्याच्या वाटेला लागेल. दर्जा मिळाला तर चांगलेच. नाही मिळाला तरी गावाकडे नकाशा राहील, वही राहील आणि खडक ओळखणारी मुले राहतील.

मग निर्णय कोणाचा?

पर्यटन विभागाची मंजुरी, जिल्हा नियोजनाचा निधी, कायद्याचे कवच या गोष्टी लागतीलच. राज्य सरकारने बालाघाट-मांजरा पट्ट्यातील भूस्थळांची यादी करून ती गौण खनिजाच्या परवानग्यांशी जोडावी, ही मागणी आजच करता येते. त्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

पण पहिले पाऊल ग्रामसभेचे आहे. मराठवाड्यात खडकाचा विषय निघतो तो दोनदाच : भूकंप झाला तेव्हा आणि बोअर फेल गेली तेव्हा. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो. युसूफ वडगावसारख्या गावाने तिसरी वेळ स्वतः निवडावी. यारी लागण्याआधी, कर्ज काढण्याआधी, सहावीच्या वर्गात.